तोंड येणे, दही आणि प्रोबायोटिक : मुखातील बुरशीसंसर्गावरील संशोधनाचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

‘तोंड आले आहे’ या तीन शब्दांत मराठी माणूस किमान चार वेगवेगळ्या तक्रारी सांगत असतो. जीवनसत्त्वांच्या अभावाने सोलवटलेली जीभ, गालाच्या आत उठलेले दुखरे फोड, तान्ह्या बाळाच्या जिभेवर साचलेला दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर आणि तंबाखू-चुन्याने पोळलेले आतील अस्तर, या सर्वांस लोकभाषेत एकच नाव आहे. सुश्रुतसंहितेने मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली. व्यवहारातील मराठीने त्या पासष्टांचे एकच नाव करून टाकले. भाषेच्या दृष्टीने हा लाघव गुण असेलही. आरोग्याच्या दृष्टीने मात्र तो घोटाळ्याचे मूळ ठरतो, आणि या लेखाचा विषय त्या घोटाळ्याशी थेट निगडित आहे.

वरीलपैकी पांढऱ्या थराचा आजार ‘कॅन्डिडा’ या यीस्ट वर्गातील बुरशीमुळे होतो. १८३९ मध्ये बर्नहार्ड फॉन लांगेनबेक या जर्मन शल्यविशारदाने अशा थरात बुरशी असल्याचे नोंदविले. ‘कॅन्डिडा’ हे प्रजातिनाम क्रिस्टीन बेर्कहाउट यांनी १९२३ मध्ये दिले. ही बुरशी बाहेरून आलेली शत्रू नव्हे, हे येथे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडात ती असतेच. लाळ, तोंडातील इतर जीवाणू आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिला मर्यादेत ठेवतात. लाळ आटली, कवळी रात्रंदिवस तोंडात राहिली, प्रतिजैविकांचा मारा झाला, स्टेरॉइडचा फवारा ओढल्यावर चूळ भरली गेली नाही, मधुमेह आटोक्याबाहेर गेला किंवा एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचली, की ती मर्यादा मोडते. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधील ज्या पाच रुग्णांच्या अहवालाने एड्सची जगाला पहिली वार्ता दिली, त्या पाचही जणांना कॅन्डिडाचा संसर्ग होता. थोडक्यात, मुखातील बुरशी हा आजार आहे, तसाच तो दुसऱ्या आजाराचा सांगावाही असतो.

औषधे आहेत. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन संशोधक स्त्रियांनी १९५० मध्ये निस्टॅटिन जगापुढे आणले. पुढे क्लोट्रिमाझोल, फ्लुकोनाझोल आली. परंतु औषध थांबल्यावर संसर्ग उलटतो आणि काही जातींनी औषधांना दाद देणे सोडले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये बुरशीजन्य रोगकारकांची प्राधान्ययादी प्रथमच प्रसिद्ध केली, तीत कॅन्डिडा अल्बिकन्स आणि कॅन्डिडा ऑरिस यांना सर्वांत गंभीर गटात स्थान दिले. अशा वेळी उपकारक जीवाणूंनीच बुरशीला आवर घालावा, ही कल्पना आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दह्याचे माहात्म्य सांगितले तेव्हापासून ही कल्पना जिवंत आहे. मात्र मूळ शोधनिबंधांपासून आरोग्य पुरवणीतील ‘दही खा, तोंड बरे होईल’ या वाक्यापर्यंत येताना तिच्यातील तीन अटी गळून पडतात. त्या अटी कोणत्या, आणि त्या गळल्यामुळे चामोर्शीसारख्या तालुक्यात काय बिघडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चाचण्यांचे वाचन

या विषयात सर्वाधिक उद्धृत होणारी चाचणी फिनलंडची आहे. हटाक्का आणि सहकाऱ्यांनी ती २००७ मध्ये ‘जर्नल ऑफ डेंटल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध केली. २७६ वृद्धांना सोळा आठवडे रोज ५० ग्रॅम चीज देण्यात आले. एका गटाच्या चीजमध्ये निवडक प्रोबायोटिक जीवाणू होते, दुसऱ्याच्या नव्हते. लाळेच्या दर मिलिलिटरमध्ये यीस्टच्या दहा हजार किंवा अधिक वसाहती आढळणे, हा मोजमापाचा निकष होता. प्रोबायोटिक गटात असे वृद्ध ३० टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले. दुसऱ्या गटात ते २८ वरून ३४ टक्क्यांवर गेले.

निष्कर्ष मोलाचा आहे, यात शंका नाही. परंतु तो पुढे कसा सांगितला जातो, हे पाहण्यासारखे आहे. निबंधाच्या सारांशातच ‘जोखीम ७५ टक्क्यांनी घटली’ असे वाक्य येते आणि उद्धृत करणारे बहुधा तेवढेच उचलतात. हा आकडा शक्यता-गुणोत्तरातून काढलेला आहे. साध्या हिशेबाने पाहिले तर सोळा आठवड्यांअखेर शंभर वृद्धांमागे एका गटात २१ आणि दुसऱ्या गटात ३४ जणांच्या लाळेत यीस्ट अधिक होते. म्हणजे फरक तेरा माणसांचा. तेरा आणि पंचाहत्तर या दोन्ही आकड्यांत लबाडी नाही, पण वाचकाच्या मनावर त्यांचा होणारा परिणाम अगदी निराळा आहे. पदव्युत्तर वर्गात संख्याशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकांना याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

दुसरी बाब अधिक मूलभूत आहे. येथे मोजले गेले ते लाळेतील यीस्ट. तोंडातील आजार नव्हे. बुरशी बाळगणे आणि बुरशीने आजारी पडणे यांतील अंतर आधी सांगितलेच आहे. २०१५ मध्ये ब्राझीलमधील इशिकावा आणि सहकाऱ्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत कवळी वापरणारे ५५ जण होते. पाच आठवड्यांनंतर साध्या भुकटीच्या गटातील ९२ टक्क्यांच्या तोंडात कॅन्डिडा सापडली, तर प्रोबायोटिक गटात केवळ १६.७ टक्क्यांच्या. आकडे डोळे दिपविणारे आहेत. पण सहभागी व्यक्तींना बुरशीची कोणतीही लक्षणे नव्हती, हे त्या निबंधातच स्पष्ट नमूद आहे. आणि जीवाणूंची भुकटी वरच्या कवळीच्या टाळूकडील पृष्ठभागावर टाकून ती कवळी तोंडात बसवायची होती. म्हणजे जीवाणू नेमका जेथे हवा तेथे, तासन्‌तास टेकून राहिला. वाटीभर दही गिळल्याने असा सहवास घडत नाही.

डेन्मार्कच्या क्राफ्ट-बोदी आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी वृद्धाश्रमांतील २१५ व्यक्तींना बारा आठवडे ‘रॉयटेरी’ जातीच्या जीवाणूंच्या चघळण्याच्या गोळ्या दिल्या. अधिक कॅन्डिडा असलेल्यांचे प्रमाण घटले. दातांवरील किटण आणि हिरड्यांतून येणारे रक्त यांत मात्र फरक पडला नाही. हा नकारात्मक भाग लेखकांनी लपविला नाही, म्हणून उरलेल्या निष्कर्षावर विश्वास ठेवावासा वाटतो.

या चार चाचण्यांत प्रत्यक्ष आजारी तोंडावर उपचार करणारी चाचणी एकच, चीनमधील ली आणि सहकाऱ्यांची, २०१४ सालची. ६५ रुग्ण, सर्वांना खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने चुळा आणि निस्टॅटिन, एका गटाला त्याच्या जोडीला प्रोबायोटिक. जोड दिलेल्या गटात बुरशी अधिक प्रमाणात नाहीशी झाली. येथे ‘जोडीला’ हा शब्द अधोरेखित करावयास हवा. निस्टॅटिन बंद करून प्रोबायोटिक दिले, असे येथे घडलेले नाही.

अशा रीतीने तीन अटी समोर येतात : बहुतांश पुरावा बाळगलेल्या बुरशीविषयी आहे, तो विशिष्ट, नामांकित जीवाणूंविषयी आहे, आणि आजारी माणसाच्या बाबतीत तो औषधाच्या जोडीचा आहे. प्रयोगशाळेत हे जीवाणू आम्ल निर्माण करतात, बुरशीला चिकटण्यास जागा ठेवत नाहीत, तिचे तंतू वाढू देत नाहीत, हे वारंवार दिसले आहे. पण काचपात्रात लाळ वाहत नाही आणि काचपात्र दिवसातून तीनदा जेवतही नाही.

वाण आणि विरजण

प्रोबायोटिक या शब्दाची व्याख्या अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञसमितीने २००१ मध्ये केली : पुरेशा प्रमाणात दिले असता यजमानास आरोग्यलाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये आपल्याकडील मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही जीवाणूची ओळख वाणापर्यंत पटविण्याचा आग्रह आहे. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला हे समजाविणे अवघड नाही. धान म्हटले म्हणून सर्व धान सारखे नसते. एका वाणाला येणारा उतारा दुसऱ्याला येईलच असे नाही. फिनलंडच्या चीजमधील एक वाण ‘जीजी’ या अक्षरांनी ओळखला जातो. ती गोर्बाख आणि गोल्डिन या शोधकांची आद्याक्षरे होत. तो वाण घरच्या विरजणात असण्याचे काही कारण नाही.

घरचे दही हे उत्तम अन्न आहे, त्याविषयी वाद नाही. पण त्यात कोणते जीवाणू आहेत, हे विरजण कोणाच्या घरून आले, भांडे कोणते, दिवस उन्हाळ्याचा की हिवाळ्याचा, यांवर ठरते. त्यात यीस्टही असू शकते. साखर घालून खाल्लेले दही तर बुरशीला आणि दातांच्या किडीला खाद्यच पुरविते. कढी उकळली की जिवंत जीवाणू संपले. पीठ आंबवून नंतर शिजविलेल्या आंबिलीचेही तेच. आंबविलेले सर्व काही प्रोबायोटिक, ही समजूत म्हणूनच टिकत नाही. चरकसंहितेने ताकाची थोरवी अर्श आणि ग्रहणी यांच्या संदर्भात गायिली आहे. तिचा आधार मुखातील बुरशीसाठी घेणे म्हणजे जुन्या ग्रंथाच्या तोंडी नवे वाक्य घालणे होय.

शिवाय ‘दही खा’ हा सल्ला दूधदुभत्याची संस्कृती गृहीत धरतो. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडील भामरागड-एटापल्ली भागातील माडिया समाजात गाईचे दूध काढून पिण्याची परंपरा नव्हती; दूध वासराचे, ही तेथील धारणा. पुण्या-मुंबईत लिहिलेला सल्ला येथे पोहोचतो तेव्हा तो कोणासाठी लिहिला होता, हे विचारावेच लागते.

बाजारातील गोळ्या-पुड्यांची स्थिती फारशी समाधानकारक नाही. भारतात अनेक वर्षे ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनेस’ या नावाने विकला गेलेला जीवाणू वस्तुतः ‘बॅसिलस कोॲग्युलन्स’ आहे. तो बीजाणू धरून राहतो, म्हणून उष्णता सोसतो. पंचेचाळीस अंशांपलीकडे जाणारा चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा पाहता ही सोय मोठीच. परंतु वर चर्चिलेल्या चाचण्यांतील जीवाणू तो नव्हे. नावातील या गोंधळात २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस वंशाचीच फेरमांडणी होऊन पंचवीस वंश झाले, तेव्हा जुने निबंध आणि नवे वेष्टन यांची नावे जुळविणे औषधविक्रेत्यालाही जड जाते. प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णांत असे जीवाणू क्वचित रक्तात शिरल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना प्रोबायोटिक देण्याबाबत इशारा दिला, तो अशाच एका मृत्यूनंतर. आणि मुखातील बुरशी गंभीर रूप घेते ती नेमक्या अशाच खचलेल्या शरीरांत.

तान्ह्या बाळाविषयी वेगळे लिहिणे आवश्यक आहे. बाळाच्या तोंडातील पांढऱ्या थरावर टाकणखाराची लाही मधात कालवून लावण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. मध आणि बोरॅक्सच्या मिश्रणाने अर्भकांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि एक वर्षाखालील बाळाला मध देऊच नये, असे बालरोगशास्त्र सांगते. या जुन्या रीतीच्या जागी आता बोटाने दही चाटविण्याचा ‘नैसर्गिक’ उपाय सुचविला जातो. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही नको, हा नियम त्याने मोडतो. बाळाचा थर बहुधा सौम्य असतो. औषध लागलेच तर बाळाचे तोंड आणि आईचे स्तनाग्र, दोन्हींकडे पाहावे लागते, अन्यथा संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. निव्वळ दुधाचा थर ओल्या कापडाने सहज निघतो, बुरशीचा सहजी निघत नाही. एवढी एक खूण घराघरांत पोहोचली तरी पुष्कळ अनावश्यक उपाय टळतील.

चामोर्शीतील पांढरा चट्टा

वैनगंगेच्या काठी, मार्कंडा देवस्थानाच्या परिसरात वसलेल्या चामोर्शी तालुक्यात या चर्चेला निराळेच वजन प्राप्त होते. त्याचे कारण खर्रा. सुपारीची कात्री, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तयार होणारा हा पदार्थ पूर्व विदर्भात पानठेल्यावर, धानाच्या बांधावर, लग्नाच्या मांडवात सर्वत्र दिसतो. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. खर्रा हाताने घोटला जातो, म्हणून तो कारखान्याच्या दारात अडविता येत नाही. जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ अभियान दारूबरोबर तंबाखूविरुद्धही काम करते, यावरून प्रश्नाचा आवाका ध्यानात यावा.

सुपारी कर्ककारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. तिच्यामुळे तोंडाचे आतील अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. या विकाराचे वर्णन मुंबईचे एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच केले होते. तंबाखू-चुना गालात जेथे धरला जातो, तेथे पांढरा चट्टा उमटतो. हा चट्टा बुरशीचा थर नव्हे. पण दोन्हींचे नाव एकच, ‘तोंड आले आहे’. बुरशीचा नेहमीचा थर कापसाने पुसला असता निघतो आणि खाली लालसर, क्वचित रक्ताळलेली त्वचा दिसते. तंबाखूचा चट्टा पुसून जात नाही. बुरशीचाही एक जुनाट, जाड प्रकार असतो, तोही पुसला जात नाही. आणि तो तंबाखूच्या चट्ट्याबरोबर एकाच जागी आढळू शकतो. म्हणून न पुसला जाणारा पांढरा चट्टा, मग तो कशाचाही असो, तज्ज्ञाने पाहिलाच पाहिजे. गरज वाटल्यास तुकडा काढून तपासला पाहिजे.

आता ‘दही खा, तोंड बरे होईल’ हे वाक्य पुन्हा वाचावे. खर्रा खाणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला तिखट लागेनासे होते, गालात पांढरे दिसते. तो ‘तोंड आले’ म्हणतो, चार-सहा आठवडे दही-ताक घेतो. थोडा गारवा वाटतो, म्हणून आणखी काही आठवडे जातात. दह्याने त्याचे नुकसान केले नाही. दह्याच्या भरवशावर गेलेल्या काळाने केले. हीच गोष्ट मधुमेह न उमगलेल्या स्त्रीची किंवा एचआयव्हीची तपासणी न झालेल्या तरुणाची. त्यांच्या तोंडातील थर रक्ततपासणीकडे बोट दाखवीत असतो आणि घरगुती उपायाने ते बोटच तेवढे झाकले जाते. वृद्धाश्रमातील फिनिश वृद्धांच्या बाबतीत हा धोका संभवत नव्हता. त्यांची तपासणी आधीच झालेली होती. संशोधन बरोबर असूनही त्याचा उपयोग चुकीचा ठरतो तो असा.

गडचिरोलीचाच दाखला

यावर प्रोबायोटिकांना सरसकट नाकारणे हा उपाय नव्हे. कवळी वापरणारे वृद्ध, मान-डोक्याच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणारे रुग्ण, वारंवार उलटणारा संसर्ग, या ठिकाणी औषधाच्या जोडीला स्वस्त व टिकाऊ जीवाणू मिळाला तर तो हवाच आहे. तंबाखूजन्य कर्करोगाचे रुग्ण ज्या भागात अधिक, त्या भागाला तर त्याची गरज अधिक. परंतु तो येथे उपयोगी पडतो की नाही, हे येथेच मोजावे लागेल. आणि मोजावे कसे, हे शिकण्यासाठी फिनलंडला जाण्याची आवश्यकता नाही.

डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते. त्यांपूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के. रुग्णालयाच्या दारात येणाऱ्यांवरून हा आकडा कधीच कळला नसता. त्यानंतर ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघर नवजात बालसेवा देऊन आणि ४७ गावांशी तुलना करून पाहिली. प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी दिलेल्या त्या सेवेने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये जाहीर झाले. या दोन्ही अभ्यासांचे बळ महागड्या यंत्रांत नव्हते. आजार म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवून गावातच त्याची मोजणी करण्यात ते होते.

मुखातील बुरशीबाबत अशी मोजणी करावयाची तर पहिला प्रश्न प्रोबायोटिकचा असणार नाही. शंभर ‘तोंड आलेल्या’ माणसांत बुरशी किती जणांना, तंबाखूचा चट्टा किती जणांना, नुसते फोड किती जणांना, हा पहिला प्रश्न असेल. महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला कापसाचा फाया, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, सूक्ष्मदर्शक आणि सॅबुरो माध्यमाच्या काचबश्या एवढ्यावर कॅन्डिडा ओळखता येते. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना खर्रा, कवळी, मधुमेह यांची माहिती घरोघर घेता येते. मराठी विभागाला ‘तोंड येणे’ याला गोंडी, माडिया, झाडीबोली आणि या तालुक्यात वसलेल्या बंगाली कुटुंबांच्या भाषेत काय म्हणतात, याचा कोश करता येतो. तो कोश हाती असल्याखेरीज प्रश्नावलीतील पहिलाच प्रश्न चुकेल. दंतवैद्याची साथ मात्र आरंभापासून हवी, कारण न पुसला जाणारा चट्टा सापडला की अभ्यास बाजूला ठेवून त्या माणसाला त्याच आठवड्यात तपासणीसाठी पाठवावे लागेल.

प्रोबायोटिकची पाळी त्यानंतर येईल. तेव्हा वाणाचे नाव, जीवाणूंची संख्या, मे महिन्यात पत्र्याच्या घरात ठेवलेल्या पुडीत त्यांपैकी जिवंत किती उरतात याची मोजणी, आणि दोन्ही गटांना बुरशीविरोधी औषध सारखेच मिळेल याची हमी, एवढे लिहून ठेवावे लागेल. पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात जीवाणू जतन करण्याची सोय आहे. स्थानिक आंबविलेल्या पदार्थांतून काही वाण मिळालेच, तर ते तेथे नोंदविता येतील. दही खाणाऱ्यांनी दरम्यानच्या काळात दही खावे, बिनसाखरेचे. आणि गालातला पांढरा डाग दोन आठवड्यांत गेला नाही तर चामोर्शीच्या ग्रामीण रुग्णालयात तोंड उघडून दाखवावे.